डोंगर का पाणी

“आसनाच्या मुलाचे पाय जमिनीला लागता कामा नयेत. आणि का, हे विचारायचं नाही.”

मठाच्या पायरीवर माझी एक चप्पल काढून झाली होती, दुसरी पायातच होती.

“का?” मी विचारलं.

अण्णा कारभाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या पायातल्या चपलेकडे.

“दुसरीही काढा, बाई,” ते म्हणाले, आणि आत गेले.

*

मठ डोंगरमाथ्यावर आहे. पौषात तिथे सकाळ उशिरा होते. दरीतलं धुकं पायरी पायरीनं वर येतं, मठाच्या दारातून आत शिरतं आणि फरसबंद चौक काठोकाठ भरून टाकतं. मधल्या बकुळीचा शेंडा तेवढा वर राहतो. मग कुठूनतरी मुलांचे आवाज यायला लागतात, आणि आधी आवाज येतो, मग मूल.

मी तिथल्या बालवाडीत शिकवायला आले होते. बालविकासाची पदवी घेऊन, आणि घरातल्या सगळ्या वडीलधाऱ्यांशी भांडून.

आल्यावर कळलं की मला बोलावण्यामागे आणखी एक कारण होतं.

मठाच्या गादीवर पुढे कोण बसणार, ते मूल लहानपणीच निवडतात. जे स्वभावतः स्थिर, ते. निवडलं की त्याला उचलून घ्यायचं आणि पुन्हा खाली ठेवायचं नाही. घरचं कुणीतरी त्याला कडेवर घेऊन हिंडतं. मग एका माघी पौर्णिमेला त्याला आसनावर बसवतात, ते कायमचं. त्याआधी एका परक्या माणसानं महिनाभर ते मूल बघायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं, की ही स्थिरता उपजत आहे. तिला परक्याची साक्ष म्हणतात. ती झाल्याशिवाय आसन होत नाही.

यंदाचं मूल होतं अंबू. वय चार वर्षं. दीडेक वर्ष ती आईच्या कडेवर होती.

यंदाची परकी मी होते.

“मुद्दाम शिकलेलं माणूस बघितलं,” अण्णा म्हणाले. “उद्या कुणी शंका काढायला नको.”

*

महाराज सकाळपासून चौकाकडेच्या उंच ओट्यावर बसलेले असत. दोन माणसं त्यांना उचलून आणून ठेवत, संध्याकाळी उचलून आत नेत. तेही आसनाचं मूल होते. आता म्हातारे झाले होते. गुडघ्यांवरून शाल, डोळ्यांत दुधासारखा मोतीबिंदू, आणि समोर भुईमुगाच्या शेंगांची पाटी. शेंगा सोलून दाणे ते मुलांसाठी वाटीत टाकत. स्वतः एकही खात नसत.

“काय शिकलीस?” त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं.

“बालविकास.”

“म्हणजे?”

“मुलं कशी वाढतात, ते.”

“कशी वाढतात?”

“खेळून,” मी म्हटलं. “पळून, चढून, लोंबकळून, आपटून.”

“आणि तुला इथे काय करायचंय?”

“बघायचंय.”

“बघ.” त्यांनी शेंग फोडली. “आणि मला सांगत जा. मला दिसत नाही.”

*

मुलं डोंगर का पाणी खेळत.

चौक म्हणजे पाणी. बकुळीचा पार, पायऱ्या, उंबरठे, ओट्याची कड, हे सगळे डोंगर. ज्याच्यावर राज्य, तो पाण्यात. बाकीच्यांनी डोंगरावरून पाण्यात उतरायचं, त्याला चिडवायचं, आणि त्यानं शिवायच्या आत दुसरा डोंगर गाठायचा.

धुक्यात ते खरंच पाणी वाटे. एखादं पोर पारावरून उडी मारी आणि नाहीसं होई. मग बऱ्याच वेळानं पलीकडच्या पायरीवर ओलं डोकं वर येई, हसत.

मी ओट्याच्या कडेला बसून बघत असे. अंबूही बघत असे, तिच्या आईच्या, सुभद्रावहिनींच्या कडेवरून. तिचा चेहरा हलत नसे. पापण्याही सावकाश हलत.

“अंबू कायम डोंगरावर,” गणप्या एकदा कुरकुरला. “तिच्यावर राज्यच येत नाय.”

“गप रे,” सुभद्रावहिनी म्हणाल्या. “ती देवाची आहे.”

“मग देवावर राज्य येत नाय का?”

आणि तो पुन्हा पाण्यात उतरला.

*

“आज काय बघितलंस?” महाराजांनी विचारलं.

“गणप्या पायऱ्या चढताना एका पायरीवर एकच पाय टाकायला लागला. उतरताना मात्र अजून दोन्ही टेकवतो.”

“असं का?”

“उतरताना खोली दिसते ना.”

“हं. आणि?”

“शेवंताची उडी. परवापर्यंत तिचा आधी एक पाय सुटायचा, मग दुसरा. आज दोन्ही एकदम सुटले. तिचं तिलाच नवल वाटलं. मग थांबेच ना.”

“ऐकली मी. धप्प, असा एक आवाज. आधी दोन यायचे.”

मी त्यांच्याकडे बघितलं. ते शेंग सोलत होते.

“आणि अंबू?”

“सुभद्रावहिनींच्या कडेवर होती.”

“ही जागा झाली. बघितलंस काय?”

“काही नाही! ती काही करतच नव्हती, तर बघणार काय?”

“म्हणजे महिनाभर तू काही नाही बघणार…”

“मग ठेवा तिला खाली. मी लगेच सांगते तुम्हाला तिला काय येतं आणि काय नाही.”

महाराज हसले. हसताना त्यांचे खांदे हलत, शाल हलत नसे.

“अण्णाला विचार,” ते म्हणाले.

*

अण्णा कारभारी समईच्या वाती वळत होते.

“अंबूला रोज थोडा वेळ चौकात सोडा,” मी म्हटलं. “माझ्यासमोर. मी जबाबदार.”

“बाई, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.”

“सांगितलं होतंत. कारण नव्हतं सांगितलं.”

“कारण विचारायचं नसतं.”

“अण्णा, चार वर्षांचं मूल आहे ते. या वयात पाय वापरले नाहीत तर पुढे ती…”

“पुढे ती गादीवर बसणार आहे,” अण्णा शांतपणे म्हणाले. “तिला पाय कशाला लागतात?”

“चालायला!” मी म्हटलं.

“अन् उलटून बोलायचं हे कॉलेजात शिकवतात का हल्ली?”

“नाही. ते मी घरूनच शिकून आले होते.”

अण्णांनी वात तळहातावर घासली. बारीक, सरळ, एकसारखी वात. वाईट माणूस नव्हता तो. वाती त्याच्या फार सुंदर होत.

“तुमचं काम बघण्याचं आहे,” ते म्हणाले. “बघा.”

*

मग मी बघायचं ठरवलं. रागानंच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी मी मुलांकडे पाठ केली आणि फक्त अंबूकडे बघत बसले. अंबू मुलांकडे बघत होती. मागे पळापळ चालू होती. अंबूच्या डोळ्यांत मला बकुळ दिसत होती, धुकं दिसत होतं, आणि धुक्यात मधूनच काहीतरी सरकून जात होतं.

चेहरा स्थिर. हात स्थिर. पाठ स्थिर.

माझ्या मागे शेवंतानं पारावरून उडी मारली. धप्प.

सुभद्रावहिनींच्या निऱ्यांजवळ लोंबणाऱ्या अंबूच्या पायांचे अंगठे ताठ झाले. बोटं फाकली. मग मिटली.

मला वाटलं, गार वाऱ्यानं असेल.

गणप्यानं उडी मारली. बोटं फाकली, मिटली.

मग लंगडी सुरू झाली. लंगडीचा आवाज वेगळा असतो, एका पायाचा, थोडा घाईचा. अंबूच्या डाव्या पायाची बोटं आत वळली आणि वळलेलीच राहिली. उजव्या पायाची मात्र टप, टप, टप, आईच्या लुगड्यावर वाजत होती.

सुभद्रावहिनी दुसरीकडेच बघत होत्या. पण त्यांनी कडेवरचा हात थोडा सैल केला होता, हे मला तेव्हाच दिसलं.

*

मी तशीच ओट्यावर गेले.

“ती खेळते,” मी म्हटलं. “महाराज, ती खेळते! सगळे खेळ खेळते. कडेवरूनच. उडी मारते, लंगडी घालते. फक्त बोटांनी. तिची स्थिरता उपजत बिपजत काही नाही. तिनं सगळं खेळणं पायाच्या बोटांत नेऊन लपवलंय.”

महाराजांचा शेंगेवरचा हात थांबला.

“पुन्हा सांग.”

“कुणी उडी मारली की तिची बोटं…”

“फाकतात,” महाराज म्हणाले. “मग मिटतात.”

खाली चौकात कुणीतरी हाक मारत होतं. धुक्यातून ओ आली, ती दुसऱ्याच बाजूनं.

“तुम्हाला कसं कळलं? तुम्हाला तर…”

महाराजांनी गुडघ्यांवरची शाल बाजूला केली.

मठात माणसं पादुकांवर डोकं ठेवतात. पाय कुणी बघितलेले नसतात. मी बघितले. पोटऱ्या नव्हत्याच. हाडावर सैल पातळ कातडी. पण तळवे… तळवे तान्ह्या मुलाचे होते. गुलाबी, मऊ, एक भेग नाही, एक रेघ नाही. म्हाताऱ्या माणसाला कुणीतरी तान्ह्याचे पाय लावावेत तसे.

मी वाकले. नमस्काराला नाही. बालवाडीतल्या मुलांचे बघते तसे बघायला. टाच दाबली, घोटा फिरवून बघितला.

“दुखतं?”

महाराजांनी पाय मागे घेतला नाही.

“इतकी माणसं येतात,” ते म्हणाले. “दुखतं का, असं कुणी विचारलं नव्हतं.”

खाली पारावरून कुणीतरी उडी मारली. धप्प.

माझ्या हातातल्या पायाची बोटं फाकली. मग मिटली.

*

मी उठून उभी राहिले. मला रडू येत होतं, आणि रडू आलं की मला राग येतो.

“मग सांगा ना त्यांना!”

“काय?”

“अंबूला सोडा म्हणून. तुम्ही महाराज आहात. तुमचा शब्द कोण मोडणार?”

“कुणी नाही.”

“मग?”

“मग काय होईल, सांग.”

“अंबू खाली उतरेल!”

“माझ्या आज्ञेनं.”

“कुणाच्या का आज्ञेनं असेना!”

“अन् पुढे अण्णा सगळ्यांना सांगेल, की महाराजांनी एका मुलाला मोकळं केलं. त्याचा उत्सव करतील. दर वर्षी एक मूल उचलतील, मोकळं करण्यासाठी.” त्यांनी शाल पुन्हा ओढून घेतली. “इथे माझ्या शिंकेचाही नियम होतो, पोरी. एकदा उन्हाळ्यात मी ताक नको म्हणालो. तेव्हापासून त्या महिन्यात मठात ताक होत नाही.”

मला हसू आलं नाही.

“ही सगळी सबब आहे,” मी म्हटलं. “तुम्ही घाबरता.”

हे बोलायला नको होतं, असं तेव्हा वाटलं नाही. आताही वाटत नाही.

महाराजांनी मोतीबिंदूचे डोळे माझ्याकडे वळवले.

“हो,” ते म्हणाले.

…

“तू रोज काय करतेस?” जरा वेळानं त्यांनी विचारलं.

“बघते.”

“कुठून?”

“इथून. ओट्यावरून.”

“उभी राहून?”

“बसून.”

त्यांनी शेंग फोडली. दोन दाणे निघाले. ते वाटीत टाकले. मग वाटी माझ्याकडे सरकवली, मुलांसाठी ठेवतात तशी.

“म्हणजे इथे आसनं तीन आहेत,” महाराज म्हणाले.

*

त्या रात्रीचं मला फक्त एवढं आठवतं, की मी त्यांच्यावर फार चिडले होते, आणि ते बरोबर बोलले होते म्हणून जास्त चिडले होते.

*

सकाळी धुकं इतकं दाट होतं की बकुळीचा शेंडाही बुडाला होता.

मी चौकात उतरले. सुभद्रावहिनी नेहमीच्या खांबाला टेकून उभ्या होत्या, अंबू कडेवर.

“द्या तिला,” मी म्हटलं.

“कुठे?”

“इथेच. खाली.”

वहिनींनी अंबूला आणखी घट्ट धरलं. “बाई, कुणी बघितलं तर?”

“धुकं आहे.”

“देव बघतो.”

“बघू दे. त्यालाही काहीतरी बघायला मिळेल.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्यापेक्षा दोनतीन वर्षांनीच मोठ्या असतील. कमरेचा एक भाग कायमचा बाहेर आला होता, दीड वर्षाच्या ओझ्यानं.

“मला भाग्यवान म्हणतात सगळ्या,” त्या म्हणाल्या. “विहिरीवर वाट देतात मला.”

“अंबूला वाटतं का तसं?”

“तिला मी कधी विचारलं नाही.”

“विचारा.”

वहिनींनी विचारलं नाही. त्या नुसत्या वाकल्या.

अंबूचा पाय दगडाला लागला आणि चटका बसल्यासारखा वर आला. दगड गार होता, ओला होता. पुन्हा लागला. पुन्हा वर. तिसऱ्यांदा तो तिनं स्वतः खाली नेला, सावकाश, बोटं आधी, आणि तिथेच ठेवला.

ती उभी राहिली नाही. बसली. बसून दोन्ही तळवे दगडावर घासत राहिली. तिचं तोंड उघडं होतं.

“अंबू पाण्यात पडली!” धुक्यातून गणप्या ओरडला. “ए, अंबू पाण्यात!”

“अंबूवर राज्य!”

“अंबूवर राज्य!”

आणि सगळी पोरं तिच्याभोवती पाण्यात उतरली, तिला चिडवायला, तिनं शिवायच्या आत पळायला. वेगळी दया नाही, वेगळा मान नाही. अंबू मान वळवून वळवून बघत होती. मग ती हसली. इतक्या दिवसांत मी तिचे दात पहिल्यांदाच बघितले.

*

त्यानंतर धुकं पडलं की अंबू पाण्यात असे.

मी बघत होते. पण आता पाण्यात उतरून, तिच्या उंचीला येऊन.

आधी ती बसूनच सरके. मग पाराची कड धरून उभी राहिली. पाय फाकलेले, गुडघे ताठ, दोन्ही हात खांद्यांच्या वर, वर्षाचं मूल पहिल्यांदा उभं राहताना धरतं तसे. रोज ते हात थोडे खाली येत. एके दिवशी ते कमरेशी आले आणि मग ती ते विसरली. हात विसरता येणं फार मोठी गोष्ट असते.

ती पडायची. पडली की वहिनी तोंडावर पदर घेत, पण जागच्या हलत नसत.

एकदा ती पाराच्या सगळ्यात खालच्या पायरीवर उभी राहिली. शेवंता शेजारच्या पायरीवरून उडी मारत होती. अंबूनं तिच्याकडे बघितलं. गुडघे वाकवले. डोळे घट्ट मिटले. खांदे उडाले, केस उडाले, हनुवटी उडाली. सगळी अंबू उडाली, पाय तेवढे पायरीवर राहिले.

तिनं डोळे उघडले.

“मारली?” तिनं मला विचारलं.

“अजून नाही.”

“आत्ता?”

“आत्ताही नाही.”

तिनं पायांकडे रागानं बघितलं. तो राग मला फार ओळखीचा वाटला.

ओट्यावरून महाराज काही बोलत नसत. मीही त्यांना काही सांगायला जात नसे. फक्त एकदा शेंगा फोडण्याचा आवाज बराच वेळ आला नाही, म्हणून मी वर बघितलं. धुक्यात त्यांचा आकार तेवढा दिसत होता. मान खाली, कान चौकाकडे.

*

माघी पौर्णिमेच्या सकाळी सगळे चौकाच्या कडेनं बसले. वाडीतली माणसं, मठाचे मानकरी, वर ओट्यावर महाराज. मधे लहानसं आसन मांडलेलं, त्यावर केशरी वस्त्र. मुलांना दाराबाहेर काढलं होतं. उंबरठ्यावर त्यांची डोकी दाटीनं दिसत होती.

धुकं होतंच. पण विरळ. सगळं पाण्याखालून दिसावं तसं दिसत होतं.

सुभद्रावहिनी खांबाशी. अंबू कडेवर. पाय पदरात गुंडाळलेले.

“बाई,” अण्णा म्हणाले, “साक्ष द्या.”

मी उभी राहिले.

“अंबूला मी महिनाभर बघितलं.”

“हं.”

“मी आले तेव्हा ती हलत नव्हती.”

मानकऱ्यांनी माना डोलावल्या.

“आपणहून नव्हती हलत?” अण्णांनी विचारलं, तसं विचारायची रीत होती म्हणून.

“नाही,” मी म्हटलं. “तिला धरून ठेवलं होतं म्हणून.”

कुणीतरी खाकरलं.

“बाई, हो किंवा नाही एवढंच म्हणायचं असतं.”

“मग नाही.”

“नाही म्हणजे?”

“साक्ष देणार नाही.”

अण्णांचा आवाज वाढला नाही. “भ्यायलात का? असं होतं कधीकधी. मोठी गोष्ट आहे. बसा, पाणी घ्या…”

“अण्णा, मला पाणी नको आहे. वहिनी, पदर काढा.”

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मग अण्णांकडे. मग अंबूकडे. आणि या वेळी त्यांनी विचारलं.

“काढू, अंबू?”

अंबूनं मान हलवली.

पदर सुटला. अंबूचे तळवे सगळ्यांना दिसले. मळलेले. टाचेवर धूळ, अंगठ्यावर खरचटलेलं, घोट्याजवळ शेवाळाचा हिरवा डाग.

एक म्हातारे मानकरी अर्धवट उठले. “हे… हे कुणी केलं?”

“तिनं,” मी म्हटलं.

“तिनं?”

“तिनंच. तुमच्या चौकात. ती चालते. ती पडते. तिला चढता येतं, उतरता येत नाही. पळताना ती डावीकडे झुकते. उडी तिला अजून येत नाही, आणि त्याचा तिला भयंकर राग येतो. तुम्हाला स्थिर मूल हवं होतं ना? मला असं मूल कुठेच दिसलं नाही.”

“नियम आहे!” अण्णा म्हणाले. “शंभर माणसांनी पाळलेला नियम आहे. तुमच्याआधी किती परके आले, किती साक्षी झाल्या. एकानंही…”

“मी देणार नाही. आज नाही, पुढच्या पौर्णिमेला नाही, पुढच्या मुलाच्या वेळी बोलावलंत तरी नाही. घालवून द्या मला. आत्ता चप्पल घालून निघते. पण जायच्या आधी एक करा. मला विचारा, का.”

अण्णांनी तोंड उघडलं.

“विचारा ना,” मी म्हटलं. “एकदा विचारून तर बघा. का, ते.”

कुणी विचारलं नाही.

मानकरी खाली बघत होते. वाडीतली माणसं खाली बघत होती. अण्णांचं तोंड हळूहळू मिटलं. समईची वात चुरचुरली, तेवढी ऐकू आली. मग तीही थांबली.

त्या शांततेत सुभद्रावहिनी वाकल्या.

टप… टप टप… टप.

पावलं एकसारखी नव्हती. एक ठाम, एक चाचरत. धुक्यातून ती चौकाच्या मधोमध आली, आसनापाशी थांबली, आसनाला वळसा घालून पुढे गेली. बकुळीच्या पारापाशी खालच्या पायरीवर चढली. आणि थांबली.

सगळा चौक ऐकत होता.

धप्प.

एकच आवाज.

उंबरठ्यावरची पोरं ओरडली. मी ओट्याकडे बघितलं. महाराजांच्या गुडघ्यांवरची शाल खाली सरकून पडली होती, आणि त्यांनी ती उचलली नव्हती.

“अण्णा,” महाराज म्हणाले, “मला पाण्यात उतरवा.”